पहिली एअर रायफल: मॉडेल नंतर, सिलिंडर आधी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली नेमबाज स्वप्नील कुसळेने कांस्य घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून. ती पॉइंट टू-टू बोअरची, परवान्याची रायफल. तुमची सुरुवात १० मीटर एअर रायफलनेच होणार, म्हणून तेवढंच सांगतो.

फाइनवेर्कबाऊ की वॉल्थर, या दोन जर्मन कंपन्यांवरून रेंजवर भांडणं होतात. होऊ द्या. एकाच मालिकेतल्या स्वस्त-महाग मॉडेलांत नळी आणि यंत्रणा बहुधा तीच असते. जादा पैसे जातात ते स्टॉकच्या, म्हणजे दस्त्याच्या ॲडजस्टमेंटवर. गालाला टेकणारा चीकपीस, खांद्याला लागणारी बटप्लेट, ग्रिप, सगळं फिरतं. नवख्याच्या हाती हे दिलं की तो रोज एक स्क्रू फिरवतो आणि पोझिशन काही बसत नाही. बेसिक घ्या, उरलेल्या पैशांत नेमबाजीचं मापाचं जॅकेट शिवून घ्या. बारा-तेरा वर्षांच्या पोराला ज्युनिअर स्टॉकच द्या. नियमात साडेपाच किलोपर्यंत चालतं, म्हणून तेवढं उचलायला लावायचं नसतं!

सेकंडहँड घेणार असाल तर इथे थांबा. मी याच खड्ड्यात पडलोय. रायफल चकचकीत, ग्रुप सुरेख (छर्रे अगदी जवळजवळ पडतात), दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचं गेज २०० बार दाखवतंय. पण गेज दाब सांगतं, वय नाही. सिलिंडरवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं आणि या कंपन्या साधारण दहाच वर्षांची मुदत देतात. म्हणजे ०४/२०१४ असेल तर एप्रिल २०२४ ला तो संपला, मग आत कितीही हवा मावो. स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्य तपासणीत, तारीख तपासू शकतात, आणि मुदत सांभाळणं ही नेमबाजाचीच जबाबदारी असते. विकणारा तिथे येत नाही. दुसऱ्या कंपनीचा सिलिंडर बसेलच असं नाही. नवा बाहेरून मागवायचा तर पैसे जातात आणि वाटही बघावी लागते. सोबत दोन सिलिंडर असतील तर दोन्हींच्या तारखा वाचा. संपलेला असेल तर नव्याची किंमत सौद्यातून वजा करा, लाजू नका.

सरांना विचाराच. पण सरच विकत असतील तर दुसऱ्या कुणालाही विचारा. ‘माझ्या ओळखीने स्वस्तात’ या वाक्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

घाई मात्र नको. क्लबच्या रायफलवर सहा महिने काढले तरी काही बिघडत नाही, उलट आपलं माप कळतं. आणि सेकंडहँड बघायला निघण्याआधी सिलिंडरच्या तारखेचा फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर जाऊच नका.