बोधगयेला निघण्याआधी आगाशिव चढा: लेणी-स्तूपांच्या फोटोंतल्या या चुका टाळा

हिवाळा आला की सातारा-कराड भागातून बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनीच्या सहली निघतात. काहीजण श्रीलंका, थायलंड, भूतानही गाठतात. परतल्यावर मोबाइल हातोहात फिरतो आणि तेच ते दोष दिसतात: पांढरा स्तूप करडा, मूर्ती चपटी, लेण्याचं दार पांढरंफटक. यातले निम्मे दोष कराडजवळच्या जखिणवाडीच्या डोंगरावर, म्हणजे आगाशिववर, एका सकाळीत सुटतील. आगाशिवची लेणी साधी, नक्षी कमी आणि आत काळोख. सरावाला आणखी काय हवं?

फ्लॅश आधी बंद करा. लेण्यात उजेड एकाच बाजूनं, दारातून येतो. तो तिरका पडतो म्हणूनच छिन्नीचे घाव आणि स्तूपाची गोलाई नजरेत भरते. समोरून फ्लॅश मारला की सगळ्या सावल्या पुसल्या जातात आणि दीड-दोन हजार वर्षांचा दगड प्लास्टरच्या भिंतीसारखा दिसतो. अजिंठ्यात तर चित्रांच्या काळजीपोटी फ्लॅशला बंदीच आहे. मग काळोखात करायचं काय? आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० पर्यंत न्या. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो मात्र कशानंच सुधारत नाही. कॅमेरा किंवा फोन दगडी ओट्यावर टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा आणि हात काढून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे भिक्खूंचा ओटा हाच आपला स्टँड.

पांढऱ्याफटक दाराचं कारण सोपं आहे. आतल्या आणि बाहेरच्या उजेडातला फरक कॅमेऱ्याला एका फोटोत पेलत नाही. एक तर दाराकडे पाठ करून आतला स्तूप टिपा, नाहीतर बाहेरच्या उजेडावर फोकस धरून दारातल्या माणसाची काळी आकृती घ्या. दोन्ही एकाच फोटोत हवं असेल तर एचडीआर आहे, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो कॅमेरा एकत्र जोडतो, पण चालत्या माणसांच्या त्यात भुतावळ्या होतात.

वेळेकडे तर कुणी बघतच नाही. कार्ले आणि भाजे इथली चैत्यगृहं (स्तूप असलेली प्रार्थनेची लेणी) पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी नऊला पोचलेल्याला आत सावलीच मिळते. सूर्य कलल्यावर ऊन थेट आत शिरतं. आगाशिवची लेणी डोंगराच्या निरनिराळ्या अंगांना कोरलेली आहेत, त्यामुळे एकाच दिवसात हा फरक डोळ्यांनी बघता येतो. फोनमधलं होकायंत्र उघडा आणि प्रत्येक दाराची दिशा वहीत लिहा. ही सवय लागली की परदेशी गाइडच्या वेळापत्रकावर विसंबावं लागत नाही.

काठमांडूचा बौद्धनाथ किंवा श्रीलंकेतल्या अनुराधापुरचा रुवनवेलिसाय हा पांढरा स्तूप फोटोत करडा येतो, कारण समोर एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा उजेड कमी करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, +१ करा. फोनवर स्तूपाला बोट लावून सूर्याचं चिन्ह वर सरकवलं की झालं. अंधाऱ्या विहारातल्या सोनेरी मूर्तीचं गणित उलटं: काळी पार्श्वभूमी बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि चेहऱ्याचं सोनं जळतं. तिथं थोडं उणे.

कुशीनगरची निजलेल्या बुद्धाची महापरिनिर्वाण मूर्ती ६.१ मीटर लांब आणि दालन अरुंद. लोक मधोमध उभे राहून वाइड लेन्स लावतात, नाहीतर पॅनोरमा ओढतात. दोन्हींत मूर्ती वेडीवाकडी होते. पायांकडच्या कोपऱ्यात जा आणि तिथून तिरका घ्या. मूर्तीवर बहुधा चीवर (भिक्खूंचं वस्त्र) पांघरलेलं असतं, त्यामुळे चेहऱ्यावर फोकस ठेवलेला बरा. आणि प्रदक्षिणेची वाट अडवू नका. स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरायचं असतं. फोटोसाठी उलटं चालणारा माणूस सगळ्या रांगेच्या अंगावर येतो.

आता खरं नुकसान कुठं होतं ते सांगतो. बोधगयेच्या महाबोधी महाविहाराच्या आवारात मोबाइल नेता येत नाही. कॅमेरा तिकीट काढून चालतो. फक्त फोनच्या भरवशावर गेलेले रिकाम्या हातानं परततात, म्हणून घरातला जुना छोटा कॅमेरा आधीच चार्ज करून ठेवा. लुंबिनीच्या मायादेवी मंदिरात, श्रीलंकेतल्या सिगिरियाच्या भित्तिचित्रांसमोर आणि बँकॉकच्या वाट फ्रा केओ मंदिराच्या गाभाऱ्यात फोटोला मनाई आहे. भूतानच्या तक्त्सांग मठात तर कॅमेरा दाराशीच जमा करावा लागतो. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी काढणं हा अपमान समजतात. २०१२ मध्ये मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढलेल्या तीन फ्रेंच पर्यटकांना तिथल्या कोर्टानं निलंबित कैदेची शिक्षा दिली होती. फोटो छापायला टाकले त्या स्टुडिओतूनच प्रकरण पोलिसांत गेलं! आपल्याकडे मंदिरात पाठ करून फोटो काढणाऱ्याला पुजारी हटकतोच की. तिथंही तेच, फक्त जास्त कडक.

लाओसच्या लुआंग प्राबांगमध्ये पहाटे भिक्खू रांगेनं भिक्षेला निघतात, आणि पर्यटक त्यांच्या तोंडावर कॅमेरे रोखतात. रस्त्याच्या पलीकडून, लांबच्या लेन्सनं आणि फ्लॅशविना घेतलेला फोटो जास्त चांगला येतो, कारण त्यात कुणी दचकलेलं नसतं.

निसर्गदृश्यांचं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत बोधगयेत दाट धुकं असतं, म्हणून लांबचं शिखर सोडा आणि जवळचा दिवा, माळ, हात टिपा. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. थंडीत बॅटरी भराभर उतरते, तेव्हा जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवा. थायलंड-श्रीलंकेत एसी बसमधून उतरलात की लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका. उतरण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या. मे महिन्यात आगाशिववरून कृष्णा-कोयनेचा संगम धूसरच दिसतो आणि एडिटिंगची पट्टी कितीही ओढली तरी आकाश फक्त घाणेरडं होतं. त्यासाठी पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या सकाळी वर चढा. सोबत टॉर्च घ्या, पण लेण्यात वटवाघळं असतील तर छताकडे मारू नका.