पिवळा बेडूक दिसला की मीठ टाकू नका: विषारी बेडकांबद्दलच्या या चुका टाळा

गेल्या जूनमध्ये पहिला दणदणीत पाऊस झाला आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यामागच्या डबक्यात हळदीसारखे पिवळेधमक बेडूक जमले. सकाळी शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं, पीळो देडको (पिवळा बेडूक)! मोबाईलवर दाखवतात ना, तोच विषारी!" मी चप्पल घालून पोचेपर्यंत कुणीतरी मिठाची पिशवी रिकामी केली होती. दोन बेडूक उलटे पडले होते, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या सैल लोंबत होत्या. ते आपल्याकडचे साधे बुलफ्रॉग होते. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रंगावरून विष ठरवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बुलफ्रॉगचा नर विणीच्या काळात काही दिवसच असा पिवळा होतो, मग पुन्हा मळकट हिरवा. मोबाईलवरचा सोनेरी पॉयझन डार्ट फ्रॉग कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या जंगलातला. तो जेमतेम 5 सेंटिमीटरचा असतो, आपला बुलफ्रॉग तळहातात मावत नाही. डार्ट फ्रॉगच्या कुळात सुमारे 200 जाती आहेत, सगळ्या मूळच्या मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या. भारतातल्या जंगलात त्यातली एकही नाही. शिवाय त्या कुळातही मातकट रंगाचे, जवळपास बिनविषारी बेडूक आहेतच.

उलटी चूक मुलांच्या प्रोजेक्टमध्ये दिसते. माझ्या शिकवणीतल्या एका मुलीने चार्टवर लाल, निळा, हिरवा, नारिंगी अशी सात चित्रं चिकटवून खाली सात जाती लिहिल्या होत्या. सातही एकाच जातीची निघाली: ऊफागा प्युमिलिओ. पनामाच्या बोकास देल तोरो बेटांवर हा बेडूक बेटागणिक वेगळ्या रंगाचा आहे. तेव्हा चित्राखाली रंगाआधी ठिकाण लिहा.

याच बेडकाबद्दल आणखी एक गोष्ट मी मुलांना सांगतेच. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की आई एकेकाला पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात सोडते. मग दर थोड्या दिवसांनी परत येऊन त्या इवल्याशा पाण्यात न फळलेली अंडी घालते, तेच पिल्लाचं खाणं. कुठलं पिल्लू कुठे ठेवलंय हे तिच्या लक्षात राहतं! चार्टवर कवटीचं चित्र काढण्यापेक्षा हे काढा.

'डार्ट' म्हणजे छोटा बाण, म्हणून या सगळ्याच बेडकांचं विष बाणाला लावतात असं वाटतं. तसं नाही. कोलंबियातले एंबेरा लोक फुंकनळीच्या बाणांसाठी वापरायचे ते फायलोबेट्स गटातले मोजके, नोंद असलेले तीनच. सोनेरी बेडकाच्या तर पाठीवर बाणाचं टोक नुसतं घासलं की झालं. ॲमेझॉनमधलं बाणांना लावायचं प्रसिद्ध विष, क्युरारे, हे मात्र वनस्पतींपासून करतात, बेडकांपासून नाही.

हे बेडूक डसत नाहीत, विष कातडीत असतं. ते येतं मुख्यतः खाण्यातून, मुंग्या आणि बारीक किड्यांतून. म्हणूनच बंदिस्त जागेत जन्मलेल्या, फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकात विष नसतं. पण "मग घरी पाळूया" हा विचार करू नका. 1987 पासून त्यांच्या व्यापारावर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, आणि बडोद्याचा मे महिना त्यांना सोसणारा नाही.

आता न्हाणीघरात बेडूक शिरला तर काय? मीठ, फिनेल अजिबात नको. बेडकाची कातडी पाणी आणि रसायनं दोन्ही शोषते, मिठाने तो तडफडून मरतो. हात ओले करा किंवा ओलं फडकं घ्या, अलगद बादलीत उचला, झाडाखालच्या ओल्या जागी सोडा. नंतर साबणाने हात धुवा, त्याआधी डोळ्यांना लावू नका. अंगावर फोड असलेला, डोळ्यांमागे जाड ग्रंथी असलेला भेक असेल तर जास्त जपा, त्याच्या ग्रंथींत खरंच विष असतं. कुत्र्याने तो तोंडात धरला आणि फेस येऊ लागला, तर तोंड खाली झुकवून पाण्याने धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका, आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.