बाळाचे पहिले काही आठवडे: रडण्याकडे सगळे बघतात, लंगोटाकडे कोणीच नाही. या चुका टाळा

बहिणीच्या मुलीचा चौथा दिवस, रात्रीचे अडीच. बाळ तासभर रडत होतं. खोलीत सहा माणसं आणि सहाही जणांचं एकमत, दूध पुरत नाहीये. वरच्या दुधाचा डबा उघडून कोणीतरी चमचा शोधायलाही लागलं होतं. बहीण पलंगावर भिंतीला टेकून गप्प बसली होती, डोळे भरलेले.

मी विचारलं, "आज दिवसभरात शू किती वेळा झाली?"

कोणालाच सांगता येईना. मग न्हाणीघरातली बादली ओतली आणि लंगोट एकेक करून मोजले. ओले पाच. त्यातल्या दोनांवर शी, पहिल्या दिवसासारखी डांबरासारखी काळी नाही, तर हिरवट-पिवळी. चौथ्या दिवशी यापेक्षा चांगली बातमी असूच शकत नाही. बाळाच्या पोटात दूध जात होतं.

स्वतःच्या दोन बाळंतपणांत आणि नंतर जवळच्या कितीतरी घरांत मी हेच पाहिलं आहे. पहिल्या आठवड्यांतल्या बहुतेक चुका निष्काळजीपणातून होत नाहीत, काळजी भलत्या ठिकाणी लावल्याने होतात. रडणं कानावर पडतं, म्हणून त्याच्यामागे घर धावतं. शू, शी, श्वास आणि पिण्यातला जोर या गोष्टी आवाज करत नाहीत, म्हणून त्या राहून जातात.

"दूध पुरत नाही" हा घाईचा निकाल

जन्माच्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभर, म्हणजे पाच-सात मिलिलिटर दूधच मावतं. आईला सुरुवातीला येणारा चीकही तेवढाच असतो. दाट, पिवळसर, थेंबाथेंबाने येणारा. तो बघून "काहीच येत नाही" म्हणणं ही पहिली चूक. दूध भरून यायला साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंतचा वेळ लागतो. तोवर बाळ सारखं पिऊ मागणारच, आणि त्याच्या त्या मागण्यानेच दूध वाढतं. मध्येच वरचं दूध पाजलं की बाळ तासन् तास झोपतं, अंगावर ओढत नाही आणि दूध खरंच कमी होतं. घर म्हणतं, "बघ, म्हटलं नव्हतं?"

मग पुरतंय की नाही हे ओळखायचं कसं? मोजून. पहिल्या दिवशी निदान एक ओला लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शी काळ्यावरून हिरवट आणि पाचव्या दिवसाच्या सुमाराला मोहरीसारखी पिवळी व्हायला हवी. डायपर वापरत असाल तर ओलेपणा पटकन कळत नाही. कोरा डायपर एका हातात आणि वापरलेला दुसऱ्या हातात धरून वजनातला फरक बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला तर ते बहुधा रक्त नसतं, दाट लघवीतले क्षार असतात. पाचव्या दिवसानंतरही तसा डाग पडत राहिला तर मात्र बाळ कमी पितंय असं समजून दाखवून आणा.

वजनाचंही तसंच. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच, सात टक्क्यांपर्यंत सहज. बहिणीची मुलगी ३ किलो १०० ग्रॅमची जन्मली आणि चौथ्या दिवशी २ किलो ९०० भरली, आणि घरात धस्स झालं. ती घट साडेसहा टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे अपेक्षेतली. घट दहा टक्क्यांवर गेली, किंवा दोन आठवड्यांनीही जन्माचं वजन परत आलं नाही, तर थांबू नका. नंतर रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ होते, पण म्हणून रोज वजनकाट्यावर ठेवू नका. एका शूने आकडा हलतो आणि सगळ्यांचा दिवस बिघडतो.

याच्या उलटी चूक जास्त धोक्याची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ती म्हणजे "किती शांत बाळ आहे, रडतच नाही" असं कौतुक करून त्याला पाच-पाच तास झोपू देणं. नवजात बाळाला चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं असतं. जन्माचं वजन परत येईपर्यंत तीन-साडेतीन तास झाले की उठवून पाजा. लंगोट बदला, तळव्यांना हलकेच चोळा, अंगावरचं पांघरूण काढा. इतकं करूनही जागं होत नसेल, ओढायला लागून लगेच गळून जात असेल, तर ते शांत बाळ नाही, ते आजारी असू शकतं.

वरचं दूधच द्यायचं ठरलं असेल, तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. फक्त डब्यावर लिहिलेल्या मापानेच करा. पातळ केलेल्या दुधाने बाळाच्या शरीरातल्या क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि झटके येण्यापर्यंत मजल जाते. पहिले सहा महिने वेगळं पाणी लागत नाही, आणि मध तर वर्ष होईपर्यंत बोटाला लावूनही नको. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो.

झोपवण्यात तडजोड नको

बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट गादीवर, मोकळ्या जागेत झोपवा. उशी नको, लोड नको, मऊ खेळणी नकोत, तोंडापर्यंत येईल असं पांघरूण नको. "पाठीवर झोपलं तर दूध घशात अडकेल" ही भीती मी प्रत्येक घरात ऐकली आहे. प्रत्यक्षात उताणं झोपलेलं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिच्यात शिरणं अवघड जातं. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याच्या आसपास आले. पाठीवर निजवणं, एवढ्या साध्या बदलाने.

थकलेल्या माणसाने सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डोळा लागू देणं ही सगळ्यांत घातक सवय. गंमत म्हणून असे फोटोही काढले जातात. नका झोपू तसं.

दुपट्यात गुंडाळत असाल तर छातीशी नीट, पण कमरेखाली सैल. पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून करकचून बांधले तर खुब्याच्या सांध्याला इजा होते. आणि हात-पाय गार लागले म्हणून कपड्यांवर कपडे चढवू नका. या वयात ते गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा.

पिवळेपणा उन्हावर सोडणं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्वचा आणि डोळे पिवळसर दिसणं खूप बाळांत होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. पण जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा दिसला, तो पोटावरून पायांपर्यंत उतरला, बाळ सुस्त झालं किंवा दोन आठवड्यांनंतरही राहिला, तर तपासणीच हवी. खिडकीतलं ऊन हा उपचार नाही. रुग्णालयातला निळा प्रकाश ठरावीक तीव्रतेचा असतो, उन्हाने त्याची बरोबरी होत नाही; उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं आणि मोलाचा वेळ जातो. शी पांढरट, मातीसारखी फिकी दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पित्ताचा मार्ग बंद असण्याची ती खूण असू शकते आणि तिथे उशीर महागात पडतो.

जे आजार नाही त्यावर उपाय करणं

शिंका, उचक्या, झोपेत दचकून दोन्ही हात पसरणं, गालांवर लाल पुरळ, नाकावर पांढरे ठिपके, रडताना डोळ्यांत पाणी नसणं, मधूनच डोळे तिरळे होणं, पाजल्यावर तोंडातून थोडं दूध येणं: यातल्या कशालाही औषध लागत नाही. मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी सुजल्यासारखी दिसते, कधी त्यातून दुधाचा थेंबही येतो. आईच्या संप्रेरकांचा हा परिणाम. ती दाबून पिळू नका, त्याने गळू होतं. मुलींमध्ये पहिल्या आठवड्यात लंगोटावर रक्ताचा पुसट डाग दिसतो, त्याचंही कारण हेच.

श्वासाने मात्र मी स्वतः घाबरले होते. पहिल्या मुलाच्या वेळी रात्री त्याच्या नाकापाशी बोट धरून बसायचे. भराभर पाच-सहा श्वास, मग शांतता, मग पुन्हा भराभर. पाच-दहा सेकंदांचा असा खंड नवजात बाळात चालतो. वीस सेकंदांच्या वर गेला, ओठ-जीभ निळी पडली, किंवा शांत असताना मिनिटाला साठाहून जास्त श्वास होत असतील, तर तो धोका.

नाळ कोरडी ठेवा, तिला काही लावू नका, ओढू नका. एक ते तीन आठवड्यांत आपोआप गळते.

संध्याकाळचं रडणं म्हणजे कोणाची तरी चूक, असं धरणं

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत कमी होतं. ते बहुतेकदा संध्याकाळी असतं, आणि पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, तरीही बाळ थांबत नाही. इथे घरात आरोप सुरू होतात: आईने हे खाल्लं, त्याने तसं धरलं. कोणाचं काही चुकलेलं नसतं. खांद्यावर घ्या, फेऱ्या मारा, उघड्या छातीला लावा. अगदी सहन होईनासं झालं तर बाळाला पाठीवर सुरक्षित ठेवून पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला कधीही, रागात किंवा खेळतानाही, गदगदा हलवू नका. मान कच्ची असते, मेंदूत रक्तस्राव होतो.

भेटायला येणाऱ्यांबद्दल थोडक्यात: हात धुवायला सांगायला संकोचू नका, खोकला-सर्दी असलेल्यांना नंतर बोलवा आणि चेहऱ्यावर पापे कोणालाही घेऊ देऊ नका. ओठांवरच्या साध्या फोडाचा विषाणू नवजात बाळाच्या जिवावर उठू शकतो.

"अजून हसत नाही?"

पहिल्या आठवड्यांत बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे कुशीत असताना आईच्या चेहऱ्याइतक्या अंतरावरचं. खोलीच्या दारातून खुळखुळा वाजवून "बघत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. झोपेत ओठ हलतात ते हसू वेगळं. तुमच्याकडे बघून हसणं साधारण सहा ते आठ आठवड्यांत येतं, त्याच सुमाराला हुंकारही. जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटं पालथं ठेवा. महिन्याभरात ते क्षणभर डोकं उचलू लागतं. मान पूर्ण धरायला चार महिने लागतात, तोवर उचलताना आधार हवाच.

आठ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाची तुलना शेजारच्या बाळाशी करणं अन्यायाचं आहे. त्याच्या वयातून ते आठ आठवडे वजा करा. त्याने चौदाव्या आठवड्यात हसणं म्हणजे वेळेवर हसणं. मोठ्या आवाजाला दचकत नसेल किंवा तीन महिने झाले तरी चेहऱ्याकडे बघून हसत नसेल, तर डॉक्टरांना सांगा. कानांची तपासणी पहिल्या महिन्यातच करून घ्या.

सगळे बाळाकडे, आईकडे कोण?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं सर्रास होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपलेलं असूनही झोप येईना, "मी याच्या लायक नाही" असे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. रक्तस्रावाने तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल तर थेट रुग्णालय. त्या रात्री मी बहिणीला पाणी दिलं, बाळ खांद्यावर घेतलं आणि तिला म्हटलं, "झोप, पाजायला उठवते." ती दोन तास सलग झोपली, चार दिवसांत पहिल्यांदा.

सकाळची वाट बघू नये असं काय

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप. अंग गार पडून ३६.५ च्या खाली गेलेलं आणि छातीशी घेऊनही गरम न होणारं; हिरवी किंवा कारंज्यासारखी लांब उडणारी उलटी; श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडणं; बेंबीभोवती लाली पसरणं; झटके; पिणं एकदम सोडून देणं. तापाचं औषध घरीच देऊन बघू नका, आधी डॉक्टर.

बहिणीने दुसऱ्या दिवशी एका पाकिटाच्या मागे तीन रकाने आखले: पाजलं, शू, शी. रात्री जो जागा असेल त्याने खूण करायची. निघायची वेळ आलीच तर असा कागद बाळाच्या पिशवीत टाका. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील, आणि त्या घाईत आठवून सांगणं कोणालाही जमत नाही.