दहा-वीस ते शे-दोनशे नग: पार्ट कोणत्या पद्धतीने बनवून घ्यावा

ऑर्डरवर ‘५०० नग’ लिहिलेलं असतं आणि पहिले तीस बसवून होताच डिझाइन बदलतं. म्हणून पद्धत ठरवताना वर्षभराचा अंदाज धरू नका. पुढचा बदल होण्याआधी नक्की किती नग लागणार, तो आकडा धरा.

त्यानंतरचा हिशेब साधा आहे. मोल्ड (साचा), फिक्स्चर (जॉब धरून ठेवणारी पकड), मशीनचा प्रोग्रॅम, सेटिंग हा एकदाच होणारा खर्च. मटेरियल आणि मशीनचा वेळ हा दर नगाचा. समजा मशिनिंगची (ठोकळा कापून पार्ट काढण्याची) तयारी ५,००० रुपये आणि नगाला ९००, तर मोल्ड ८५,००० आणि नगाला १००. तयारीतला फरक ८०,०००, नगामागचा ८००; भागाकार १००. शंभराच्या आत मशिनिंग स्वस्त. शंभराच्या थोडं वर असाल तरी मशिनिंगच करा, कारण मोल्डच्या दुरुस्तीत आणखी ४०,००० गेले की तोच आकडा दीडशेवर जातो.

हा हिशेब मांडण्याआधी पार्टला काय सोसायचं आहे ते लिहून काढा: उष्णता, ऊन, तेल, सतत वाकणं. निम्म्या पद्धती इथेच बाद होतात.

धातूचा पार्ट आणि नेमकी मापं हवी असतील तर सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं मशिनिंग. इथे पैसे जातात ते मुख्यतः सेटिंगमध्ये. जॉब (मशीनवर बांधलेला पार्ट) जितक्या वेळा उलटा करून पुन्हा बांधावा लागेल तितका खर्च वाढतो, आणि दर वेळी मापात थोडी चूक शिरते. एकमेकांशी नातं असलेली भोकं एकाच सेटिंगमध्ये येतील असं डिझाइन करा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे खाचेचे आतले कोपरे. एंडमिल, म्हणजे खाच कापणारं फिरतं टूल, गोल असतो, तेव्हा आत काटकोन येतच नाही. ६ मिमी टूलसाठी कोपऱ्याला बरोबर ३ मिमी त्रिज्या दिली तर टूल कोपऱ्यात जवळजवळ थांबून दिशा बदलतं, थरथरतं आणि तिथे लाटा उठतात. ३.५ मिमी द्या, टूल वळण घेत जाईल. खोली टूलच्या व्यासाच्या तीन-चार पटींत ठेवा. ६ मिमीला ४० मिमी खोल खाच म्हणजे लांब, लवचिक टूल आणि तिरक्या भिंती.

पेटी, ब्रॅकेट, झाकण असं काही असेल तर आधी शीट मेटलचा विचार करा. ठोकळा कोरून पेटी करणं म्हणजे बरंचसं मटेरियल चिप्समध्ये घालवणं. लेझर कटिंग आणि बेंडिंगला (पत्रा वाकवायला) त्या पार्टसाठी वेगळी डाय (ठसा) सहसा लागत नाही. भोक बेंडच्या फार जवळ घेतलं तर वाकवताना ते ताणून अंडाकृती होतं. बेंडच्या आतल्या त्रिज्येपासून पत्र्याच्या जाडीच्या किमान अडीच पट अंतर सोडा.

प्लॅस्टिकचे थोडे नग असतील तर थ्रीडी प्रिंटिंग. तार वितळवून होणाऱ्या प्रिंटमध्ये थरांची पकड कमी असते; हुक किंवा क्लिप उभी छापली तर थरावरच तुटते, आडवी छापा. वापरात जाणाऱ्या पार्टसाठी पावडर-लेझर पद्धतीचा नायलॉन १२ बरा, त्यात लोंबत्या भागांखाली वेगळे आधार छापावे लागत नाहीत. भोकं बहुधा लहान येतात, त्यामुळे ड्रिल फिरवायची तयारी ठेवा. स्क्रू पुन्हा पुन्हा काढायचा असेल तर प्लॅस्टिकमध्ये आटे नकोत, आटे असलेली पितळी नळी (इन्सर्ट) बसवा.

वीस-चाळीस नग, वर चांगलं फिनिश हवं, तर सिलिकॉन मोल्डमध्ये व्हॅक्यूम कास्टिंग. एका मोल्डमधून साधारण १५ ते २५ नग निघतात, नंतर बारीक कडा फाटू लागतात. मास्टरवरचा (ज्या नमुन्यावरून मोल्ड बनतो त्यावरचा) ओरखडाही प्रत्येक नगावर उतरतो, तेव्हा पॉलिशवर घाई करू नका. आणि मिळतं ते एबीएस या नेहमीच्या टणक प्लॅस्टिकसारखं दिसणारं पॉलियुरेथेन, एबीएस नव्हे.

आकडा शेकड्यांत आणि डिझाइन पक्कं असेल तेव्हाच ॲल्युमिनियमचा इंजेक्शन मोल्ड, ज्यात वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने भरतात. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, बाजूंना १ ते २ अंश ड्राफ्ट (नग मोल्डमधून सुटावा म्हणून दिलेला उतार), रिबची (भिंतीला बळकटी देणाऱ्या पट्टीची) जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्के. रिब त्याहून जाड केली की बाहेरच्या अंगाला खळगा पडतो, तो रंगानेही झाकत नाही. जिथे मापाची खात्री नाही तिथे मोल्डमध्ये धातू जास्त ठेवायला सांगा: धातू काढणं सोपं, भरणं महाग.

टॉलरन्स (मापात चालणारा फरक) सरसकट ±०.०२ मिमी लिहू नका. बेअरिंग, डॉवेल (जागा नेमकी धरणारी पिन), सील एवढ्याच जागी घट्ट मापं द्या. बाकीला आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकाचा मध्यम वर्ग पुरतो, ३० ते १२० मिमीच्या मापाला तो ±०.३ मिमी देतो.

पूर्ण ऑर्डरआधी दोन-तीन नग फिनिशसकट मागवा. हार्ड अॅनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर चढवलेल्या कठीण ऑक्साइडचा) ४० मायक्रॉन थर साधारण निम्मा बाहेर वाढतो, म्हणजे भोकाचा व्यास ०.०४ मिमीने कमी होतो. मशीनवरून उतरताना बरोबर बसलेलं बेअरिंग मग आत जात नाही. थर चढवताना ते भोक झाकायला सांगा, नाहीतर ड्रॉइंगवर ‘माप कोटिंगनंतरचं’ असं लिहा.