आंब्याचे नवे कलम तग धरत नसेल तर काय तपासावे

पावसाच्या सुरुवातीला लावलेले हापूसचे कलम दसऱ्याच्या सुमारास मलूल दिसू लागले की बहुतेक जण त्याला आणखी पाणी घालतात, आणि अनेक कलमे त्या पाण्यानेच दगावतात. पाणी कमी पडले काय किंवा जास्त झाले काय, पाने सारखीच माना टाकतात. म्हणून आधी कारण शोधावे.

प्रथम कलम खरोखर आजारी आहे का, ते पाहावे. आंब्याची कोवळी पालवी मुळातच तांबूस, मऊ व लोंबती असते. शंका असल्यास शेंड्याकडून खाली येत साल नखाने किंचित खरवडावी; जिथे आत हिरवा, ओलसर थर लागेल, तिथवर वाळलेला भाग छाटावा. हिरवेपणा केवळ जोडाच्या, म्हणजे हापूसची काडी खालच्या रोपाला जिथे जोडली त्या जागेच्या, खालीच उरला असेल, तर कलम गेले असे समजावे, कारण खुंटाला, म्हणजे त्या खालच्या रोपाला, फुटलेली फांदी हापूस देणार नाही.

यानंतर बुंध्यापासून वीतभर अंतरावर हलकेच उकरून माती मुठीत दाबून पाहावी. कोकणात जांभ्या कातळात खोदलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो आणि मुळे कुजतात. चिखलाला कुबट वास येत असेल, तर उताराच्या बाजूने चर काढून पाणी वाहते करावे. पिशवीतील मूळ मातीचा गोळाही चाचपावा, कारण भोवतालची माती ओली असूनही तो आतून कोरडा राहू शकतो. तसे आढळल्यास बुंध्याजवळ सावकाश, थोडे थोडे पाणी द्यावे.

जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी राहून गेली असल्यास ती खोडाला आवळते. जोड पक्का झाला असेल तर ती कापून काढावी, खुंटाची फूट खुडावी आणि जोड मातीत गाडला गेला असल्यास मोकळा करावा. खोडावर मातीचे पापुद्रे दिसले तर ती वाळवी होय. ते खरवडावेत आणि न कुजलेले शेणखत काढून टाकावे.

आजारी कलमाला रासायनिक खत देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन, कारण दुबळ्या मुळांना ते सोसत नाही. त्याऐवजी दुपारच्या उन्हाच्या बाजूस झापांचा आडोसा करावा, बुंधा मोकळा ठेवून गवताचे आच्छादन घालावे आणि मोहोर आलाच तर खुडावा. इतके करूनही कलम वाळलेच, तर पुढील पावसाळ्यात नांगी भरण्यापूर्वी, म्हणजे मेलेल्या कलमाच्या जागी नवे लावण्यापूर्वी, त्या खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात जिरते, हे पाहून घ्यावे.