जेटीवरून प्लँक्टन कसं बघायचं आणि त्यात हवामान कसं ओळखायचं

बरेच जण विचारतात की तारली कमी का झाली, जवळा लवकर का आला, पाणी रात्री निळं का चमकतं. या सगळ्याचं उत्तर बरंचसं अन्नसाखळीत माशांच्या खाली एक-दोन पायऱ्यांवर असतं, म्हणजे प्लँक्टनमध्ये (पाण्यासोबत वाहत जाणारे बारीक जीव आणि वनस्पती), आणि ते बघायला बोट लागत नाही, जेटी आणि एक जाळं पुरतं.

आधी जाळं. कोळ्यांचं डोल जाळं बघितलंय ना, तोंड मोठं आणि शेपटीकडे निमुळतं होत शेवटी पिशवीसारखा खोला? तेच, फक्त पिटुकलं. स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात जाळीचं कापड मिळतं, त्यावर नंबर असतो, म्हणजे इंचाला किती धागे. ३०० नंबरचं घ्या, त्याची छिद्रं साधारण ५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यात डायटम, म्हणजे प्लँक्टनमधल्या बारीक वनस्पती, अडकतात. १२० नंबरची छिद्रं १४० च्या आसपास, त्यात मोठे जीव मिळतात पण बारके डायटम निसटून जातात. मी आधी स्वस्त म्हणून १२० घेतलं आणि दोन महिने मला वाटत होतं आमच्याकडे डायटमच नाहीत! भरतकामाची २० सेंटीमीटरची रिंग घ्या, कापडाचा शंकू शिवा, टोकाला छोटी बाटली घट्ट बांधा, रिंगला तीन दोऱ्या, खाली वजनाला एखादा नट.

हे जाळं पाण्यात १० मीटर ओढलं तर हिशोबाने ३०० लिटरच्या आसपास पाणी गाळलं जातं (कापड गाळाने तुंबलं की कमी, पावसाळ्यात तर फारच कमी). खाडीच्या तोंडाशी ओढ चांगली असेल तर ओढत बसायची पण गरज नाही, डोलीसारखं प्रवाहाच्या तोंडाला बांधून दहा मिनिटं ठेवायचं. भरतीच्या वेळी जा, म्हणजे समुद्राचं पाणी मिळतं, ओहोटीला नदीचं येतं. वेळ एकच ठेवा, कारण प्राणीप्लँक्टन रात्री वर येतात आणि दिवसा खाली जातात, आज पहाटे आणि पुढच्या वेळी दुपारी गेलात तर तुलनाच होत नाही. सोबत थर्मामीटर, आणि एक पांढरी थाळी दोरीला बांधून सोडा, किती मीटरवर दिसेनाशी होते ते लिहा. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याने १८६५ मध्ये हेच केलं होतं आणि शास्त्रज्ञ अजून तेच करतात.

नमुना तासा-दोन तासात बघा, गाडीच्या डिकीत उन्हात ठेवाल तर सगळं मरून सूप होतं. मायक्रोस्कोप शाळेतला चालतो, फोल्डस्कोप, म्हणजे घडीचा कागदी मायक्रोस्कोप, पण चालतो. काय दिसेल? नाण्यासारखे गोल किंवा काटेरी साखळ्यांसारखे ते डायटम, म्हणजे वनस्पती. झटके देत पळणारे, लांब मिशांचे ते कोपेपॉड, ते डायटम खातात. मग खेकड्यांची पिल्लं, कोळंबीची पिल्लं. आणि डोळ्यांनीसुद्धा दिसणारे पारदर्शक गोळे, साबुदाण्याच्या बारीक कण्यांसारखे, ते नॉक्टिल्युका. बाटली अंधारात हलवा, निळं चमकलं तर बहुतेक तेच. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जुहू आणि देवगडला लोक ज्याचे व्हिडिओ काढत होते तो हाच प्रकार.

आता खरं काम. कशालाही नाव देत बसू नका, स्लाइडवरचे पहिले शंभर जीव मोजा आणि त्यात डायटम किती, कोपेपॉड किती, नॉक्टिल्युका किती एवढं लिहा. हे प्रमाण महत्त्वाचं, कारण डायटम खाऊन तारली जगते, कोपेपॉड खाऊन बांगडा, पण नॉक्टिल्युका स्वतः डायटम खातो आणि त्याला खाणारे मासे फार कमी, जेलीफिशसारखे जीव त्याला खातात. म्हणजे तो वाढला की अन्न आहे, पण आपल्या ताटापर्यंत पोचत नाही.

हवामान यात कुठून येतं? आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यातले वारे वरचं पाणी बाहेर ढकलतात, खालचं गार आणि खतवालं पाणी वर येतं, वर नद्यांच्या गोड्या पाण्याचा थर बसतो. त्यावर डायटम फोफावतात, मग ते मरून खाली कुजतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाजवळचा ऑक्सिजन संपत येतो. गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७ पासून कांदोळीच्या समोर एकाच जागी हे मोजतेय. मार्च ते मे मध्ये पाणी तापून शांत होतं, ३० अंशांच्या आसपास, तेव्हा लाकडाच्या भुश्यासारखे पट्टे दिसतात, ते ट्रायकोडेस्मियम, हवेतला नायट्रोजन वापरणारे. ते प्रदूषण नाही, लोक उगाच घाबरतात.

वरचं पाणी जास्त तापलं की ते हलकं होऊन झाकणासारखं बसतं आणि खालचं खत वर येत नाही, मग मोठे डायटम कमी होतात, अगदी बारीक वनस्पती टिकतात, आणि बारीक असल्या की माशापर्यंत पोचायला एक-दोन पायऱ्या जास्त लागतात. प्रत्येक पायरीवर साधारण दहावा भागच वर जातो, तर एक पायरी वाढली म्हणजे किती गेलं ते तुम्हीच बघा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पतीप्लँक्टन २० टक्क्यांपर्यंत कमी झालंय. केरळात २०१२ ला तारली जवळपास चार लाख टन होती, २०२१ ला साडेतीन हजार पण नाही, अर्थात त्यात एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी काही वर्षांनी तापतं तो प्रकार) आहे, पिल्लं पकडणं पण आहे, नुसतं प्लँक्टन नाही.

म्हणून एका नमुन्यावरून "हवामान बदललं" असं ओरडू नका प्लीज. ऑक्टोबरात नॉक्टिल्युका दिसला तर ती बातमी नाही, तीन वर्षं एकाच जागी, महिन्यातून दोनदा, मोजून दर वर्षी लवकर येत असेल तर ती बातमी आहे. वादळ झालं तर तारीख नक्की लिहा, वादळ पाणी घुसळतं आणि नंतर आठवड्याभरात हिरवं होऊ शकतं, तो आकडा वेगळा ठेवा. आणि वहीत एक रकाना जेटीवरच्या लोकांसाठी, आज काय मिळालं, जवळा किती, जेलीफिशने जाळी भरली का. माझ्या वहीत तो रकाना सगळ्यात उपयोगाचा निघाला. जून-जुलैमध्ये मात्र खडकांवर जाऊ नका, जेटीच्या आतल्या बाजूने बादलीभर पाणी काढून गाळलं तरी चालतं, किती बादल्या ते लिहा.

घरी आल्यावर कापड गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवा. मी एकदा ओलंच पिशवीत ठेवलं होतं, दोन दिवसांनी आईने मला जाळ्यासकट ओट्यावर काढलं.