एफएममध्ये दोनदा आपटले, दोन्ही वेळा घसाऱ्यावर

एमबीएच्या एफएमच्या, म्हणजे फायनान्शियल मॅनेजमेंटच्या पेपरात पहिल्या खेपेला पन्नासपैकी सोळा, दुसऱ्या खेपेला अठरा. पास व्हायला वीस लागत होते. ते दोन मार्क अजूनही कधीकधी रात्री आठवतात.

मी बीएस्सी बॉटनी. बार्शीहून पुण्यात एमबीएला आले तेव्हा डेबिट कुठल्या बाजूला लिहितात हेही धड माहीत नव्हतं. पहिल्या सेमिस्टरचं अकाउंटिंग कसंबसं निघालं, म्हणून फायनान्शियल मॅनेजमेंटही निघेल असं धरून चालले होते. कॉमर्सवाल्या मैत्रिणी म्हणायच्या, "एफएम स्कोअरिंग आहे गं." आहेच. पण कोणासाठी, ते त्या सांगत नाहीत.

रेशो, लेव्हरेज, वर्किंग कॅपिटल, कॉस्ट ऑफ कॅपिटल, कॅपिटल बजेटिंग (मशीनसारख्या मोठ्या खर्चाचा प्रकल्प घ्यावा की नाही ते ठरवणं) हे तुमच्या सिलॅबसमध्ये आहे, एनपीव्ही म्हणजे येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा सुरुवातीचा खर्च हेही तुम्हाला माहीत आहे असं समजते. मला फक्त एका खड्ड्याबद्दल सविस्तर बोलायचंय, कारण त्यात मी दोनदा पडले, आणि दुसऱ्यांदा चक्क विरुद्ध बाजूने.

गणित साधं होतं. मशीन १०,००,००० रुपयांचं, आयुष्य ५ वर्षं, शेवटी भंगाराची किंमत शून्य, घसारा (वापरामुळे मशीनची घटणारी किंमत) सरळ रेषेने म्हणजे दर वर्षी सारखाच, कर ३० टक्के, डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) १० टक्के. घसारा आणि कर वजा जाण्यापूर्वीचा नफा दर वर्षी ३,००,०००. मी काय केलं? घसारा २,००,००० वजा केला, उरले १,००,०००. त्यावर कर ३०,०००. करोत्तर नफा ७०,०००. याला तक्त्यातल्या १० टक्के, ५ वर्षांच्या ३.७९१ या गुणकाने गुणलं, २,६५,३७० आले, त्यातून दहा लाख वजा केले आणि उणे ७,३४,६३० असं ठळक लिहून खाली दोन रेघा मारल्या. 'प्रकल्प नाकारावा.' केवढा आत्मविश्वास!

चूक एवढीच की ७०,००० हा नफा आहे, रोकड नाही. घसाऱ्याचे दोन लाख कोणाच्याही खिशात गेलेले नाहीत. मशीनचे पैसे पहिल्याच दिवशी दहा लाख म्हणून मोजून झालेत. दर वर्षी पुन्हा दोन दोन लाख वजा करणं म्हणजे तेच मशीन दोनदा विकत घेणं. म्हणून करोत्तर नफ्यात घसारा परत मिळवायचा: ७०,००० अधिक २,००,०००, म्हणजे २,७०,०००. गुणिले ३.७९१, म्हणजे १०,२३,५७०. एनपीव्ही अधिक २३,५७०. प्रकल्प स्वीकारावा. उत्तर पार उलटं.

मग कोणी म्हणेल, परतच मिळवायचा तर आधी वजा कशाला करायचा? करासाठी. घसारा दाखवला नाही तर तीन लाखांवर ९०,००० कर बसतो आणि हातात २,१०,००० राहतात. घसारा दाखवला की दोन लाखांवरचा ३० टक्के कर, म्हणजे ६०,००० वाचतात. २,१०,००० अधिक ६०,०००, पुन्हा तेच २,७०,०००. दोन्ही वाटांनी आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर पुढे जाऊ नका.

हे मला पहिल्या नापाशीनंतर कळलं, आणि इथेच माझा घात झाला. मी एका क्लासला गेले. पेठेतला, नाव नको. 'कमी दिवसांत फायनान्स' असा बोर्ड. तिथे एक वाक्य पाठ करून घेतलं, "डिप्रीसिएशन दिसलं की ॲड बॅक करा." मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं. बॅकच्या, म्हणजे नापास विषयाच्या पुन्हा दिलेल्या पेपरात प्रश्न आला तो असा की दर वर्षीचा करोत्तर रोख प्रवाह सरळ दिलेला होता, आणि घसाऱ्याची माहिती खाली उगाच, दिशाभूल करायला. मला घसारा दिसला. मी मिळवला. एनपीव्ही इतका अवाढव्य आला की असं मशीन खरंच कुठे मिळालं असतं तर मी एमबीए सोडून तेच घेतलं असतं. तेव्हा मात्र शंकाही आली नाही.

शेवटी अक्कल आली ती सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत. माझ्या शेजारच्या टेबलवर सीएची तयारी करणारी एक ताई बसायची. एका दुपारी माझी वही ओढून तिने विचारलं, "अगं, हे पैसे गल्ल्यातून गेले का?"

आमचं बार्शीला रसवंतीगृह आहे. चरक बाबांनी कर्ज काढून घेतला, तेव्हा मी सातवीत होते. घुंगरांचा आवाज, उसाची आंबट वास मारणारी चिपाडं, आणि संध्याकाळी बाबा गल्ला मोजायचे ते डोळ्यांसमोर आलं. चरक दर वर्षी जुना होत होता, पण गल्ल्यातून 'चरक जुना झाला' म्हणून कोणी नोटा काढून नेत नव्हतं. ऊसवाला न्यायचा, बर्फवाला न्यायचा, बँकेचा हप्ता जायचा. ताईच्या एका प्रश्नाने जे झालं ते क्लासच्या सगळ्या फीने झालं नाही.

तेव्हापासून मी कुठलंही गणित सुरू करण्याआधी पेपराच्या कडेला एक शिडी काढते. वरून खाली: घसारा आणि करापूर्वीचा नफा, वजा घसारा, करपूर्व नफा, वजा कर, करोत्तर नफा, अधिक घसारा, रोख प्रवाह. मग प्रश्नातला आकडा या शिडीच्या कोणत्या पायरीवर आहे तिथे टिंब द्यायचं आणि तिथूनच उतरायला लागायचं. नुसतं 'नफा' लिहिलेलं असेल तर त्याच्या पुढचे शब्द अधोरेखित करा. दहा सेकंद लागतात.

अजून एक, याच कुळातलं. कर्जावरचं व्याज रोख प्रवाहातून वजा करू नका. बाबांचा हप्ता गल्ल्यातून जायचा हे खरं, पण कॅपिटल बजेटिंगमध्ये त्या कर्जाची किंमत डिस्काउंट रेटमध्ये आधीच बसलेली असते. आणि सुरुवातीला खेळतं भांडवल घातलं असेल तर शेवटच्या वर्षी ते परत येतं, तिथे माझ्यासारखे निम्मे लोक विसरतात.

बाकीच्या धड्यांचं थोडक्यात. कॉस्ट ऑफ कॅपिटलमध्ये (पैसा उभा करायला कंपनीला पडणारी किंमत) कर्जाची किंमत करोत्तर घ्या, प्रेफरन्स शेअरची नाही, कारण त्याचा लाभांश कर भरून उरलेल्या नफ्यातून जातो. टंडन समितीची गणितं (खेळत्या भांडवलासाठी बँकेने जास्तीत जास्त किती कर्ज द्यावं ते काढणारी) घाबरवतात पण दोन ओळींची आहेत. चालू मालमत्ता ४० लाख, बँक सोडून इतर चालू देणी १६ लाख. पहिल्या पद्धतीने फरकाच्या ७५ टक्के, म्हणजे १८ लाख. दुसऱ्या पद्धतीने मालमत्तेच्या ७५ टक्क्यांतून देणी वजा, म्हणजे १४ लाख. मोदिग्लियानी-मिलरचा १९५८ चा मूळ सिद्धांत (कर्ज किती आणि भागभांडवल किती यावर कंपनीचं मूल्य ठरत नाही) लिहिताना 'कर नाही' हे गृहीतक विसरू नका. कर धरून केलेली दुरुस्ती त्यांनी १९६३ मध्ये मांडली. थिअरी एवढी पाठ केली तरी पुरे, असं माझं मत. सर सहमत नव्हते.

अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक घ्या, सोडवलेल्या गणितांचं, पेन्सिलच्या खुणा असलेलं मिळालं तर उत्तमच. 'इम्पॉर्टंट'चे झेरॉक्स घेऊ नका. घेणारच असाल तर निदान स्वतः सोडवा. मी ते फक्त फाइलला लावले होते. व्हिडिओ दुप्पट वेगाने बघून गणित येत नाही, हात दुखल्याशिवाय येत नाही. आणि सल्ला घ्यायचाच तर टॉपरचा नको, एकदा तरी बॅक राहिलेल्या माणसाचा घ्या. टॉपरला आपण कुठे अडलो नाही हेच आठवतं.

एवढं वाचून पोटात गोळा आला असेल तर थांबा. एफएम अवघड नाही. गणितात गुणाकार, भागाकार आणि एक तक्ता, याच्या पलीकडे काही नाही. पायऱ्यांना मार्क असतात. शेवटचं उत्तर चुकलं तरी तक्ता नीट मांडलेला असेल तर बरेच मिळतात. माझे अठरा तसेच जमले होते. फक्त उत्तर आल्यावर एकदा विचारा, हे शहाण्या माणसाला पटेल का?

तिसऱ्या वेळी एकतीस मिळाले. त्या पेपरात कॅपिटल बजेटिंगच्या गणितात नफा 'घसाऱ्यानंतर पण करापूर्वी' असा दिला होता. शिडीवर तिसरी पायरी. टिंब दिलं, कर काढला, घसारा मिळवला. निकालाच्या दिवशी बाबांना फोन लावला तेव्हा मागे घुंगरं वाजत होती. त्यांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "मग आता आपल्या चरकाची किंमत काय धरायची?" मी म्हटलं, गेल्या आठवड्यात बेअरिंगला किती खर्च आला ते आधी सांगा.